हेंकचं शेवटचं बदक

फेल्डहोवन या डच गावात वीणाच्या शेजारी राहणारे हेंक दर हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला जात. ते परसात पिसं काढायला बसले, की शाकाहारी वीणा खिडकी लावून घेई.

करोनाच्या काळातल्या त्या जानेवारीत, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी एकच बदक आणून शेडमध्ये टांगलं. दुसऱ्या दिवशी ते तापाने फणफणले, हॉस्पिटलात गेले आणि त्याच आठवड्यात वारले. त्यांच्या बायकोला, मीकेला, शेवटचं भेटताही आलं नाही. मुलगाही आजारी होता, म्हणून वीणाच तिच्याकडे गेली.

“त्याचं बदक तसंच आहे गं,” मीके म्हणाली. “टाकवत नाही, आणि एकटीने पिसं काढायला बसवतही नाही.”

वीणाने जन्मात मांसाला हात लावला नव्हता. तिने ते बदक मांडीवर घेतलं. मानेची हिरवी पिसं इतकी मऊ होती, की तिला भडभडून आलं.

“हळू ओढ, कातडी फाटेल,” मीके सांगत राहिली.

संध्याकाळी मीकेने ते शिजवलं. पहिलाच घास घेऊन तिने काटा खाली ठेवला.

“अळणी झालंय. मीठ नेहमी तोच घालायचा,” म्हणत ती ताटावरच रडू लागली. वीणा तिचा हात धरून बसून राहिली.