‘पॅरामाउंट इम्पॉर्टन्स’ आणि कांबळे सर

कांबळे सरांचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे.
आज पहाटे ते गेले.

धायरीला आमच्याच सोसायटीत राहायचे. इंग्रजीचे रिटायर्ड शिक्षक. माझ्या पहिल्या जॉबच्या इंटरव्ह्यूची तयारी त्यांनीच करून घेतली.

"इंग्रजीत शब्द जोडीने येतात. व्हायटल रोल. ग्रेट सिग्निफिकन्स. डीपली मीनिंगफुल. पाठ कर."

मी पाठ केलं.

"आता समोरचा असं बोलला की सावध हो. नुसतं 'महत्त्वाचं आहे' म्हणून भागत असताना हा एवढा नटवून का बोलतोय, ते बघ."

मला वाटायचं, सरांचं जरा अतीच असतं.

मग गेल्या वर्षी आमची लिफ्ट आवाज करायला लागली. बिल्डरचा मॅनेजर गच्चीवरच्या मीटिंगला आला. म्हणाला, "युवर सेफ्टी इज ऑफ पॅरामाउंट इम्पॉर्टन्स टु अस. लिफ्ट एकदम ओके आहे."

लोकांनी माना डोलावल्या.

सरांनी विचारलं, "आपण वर कसे आलात?"

"जिन्याने. तेवढाच एक्सरसाइज."

"एवढी धाप लागेपर्यंत?"

मॅनेजर हसला. सर हसले नाहीत.

खाली जाऊन त्यांनी लिफ्टचा मेन स्विच बंद केला आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. बाहेरचा मेकॅनिक तपासून जाईपर्यंत लिफ्ट चालू होणार नाही, म्हणाले.

सगळे भडकले. माझी आईसुद्धा. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"अहो सर, तुमच्या संशयापायी मी जिने चढायचे का?"

"हो वहिनी. रागवा माझ्यावर. पण चढा."

आई कठडा धरून, एकेक पायरी थांबत चढली. सरांशी बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. तपासून खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. लिफ्टच्या दोराच्या बऱ्याचशा तारा तुटल्या होत्या.

"बंद केलीत ते बरं झालं," एवढंच म्हणाला.

आई घरात गेली, चहा केला आणि कप सरांच्या हातात दिला.

सरांनी घोट घेतला. "साखर जास्त आहे. काय काम काढलंत?"

आई हसता हसता रडली.

आज सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतायत. 'ही प्लेड अ व्हायटल रोल.' 'अ डीपली मीनिंगफुल लाइफ.' त्या मॅनेजरनेही काहीतरी भारदस्त लिहिलंय.

मीही तसंच टाइप केलं होतं. पुसलं.

आई सकाळपासून सरांच्या मिसेसचा हात धरून बसली आहे.

सर, आई आज आहे, ती तुमच्यामुळे.

मी तुमचा निरोप घेते.