चीनचा इंजिनिअर आणि आमची टाकी

ती बातमी त्याला मीच वाचून दाखवली होती, हे आधी सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी ते सांगणार नाही. तो आणि मी, दोघे पाणीपुरवठ्याच्या खात्यात कनिष्ठ अभियंते होतो. डिप्लोमा एकाच बाकावर बसून केलेला, नोकरीही एकाच वर्षी लागलेली. कळमनुरीच्या स्टँडसमोर चहा पीत मी पेपर वाचत होतो. चीनमधला कुणी एक माणूस. वीजघरात साधा तंत्रज्ञ म्हणून लागला, मग कारखान्याचा प्रमुख झाला, मग एका शहराचा, आणि आता अख्ख्या प्रांताचा कारभार त्याच्या हातात आलेला. मी मोठ्यानं वाचलं, हसलो आणि पेपर बाजूला ठेवला. त्यानं तो उचलला, तेवढा तुकडा फाडून खिशात घातला.

"काहून रे, काय करतो त्याचं?" मी विचारलं.

"राहू दे. कामाला येईल," तो म्हणाला.

आलाच कामाला. वर्षभरात त्यानं राजीनामा दिला, गावचा सरपंच झाला आणि मग जिल्हा परिषदेवर निवडून आला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात जीप उभी करून तो भाषण ठोकायचा, "चीनमधी इंजिनेर मानूस प्रांत चालवून राहिला, मंग आपला जिल्हा काहून न्हाई चालवनार?" सोयाबीन विकायला आलेली माणसं टाळ्या वाजवायची. मी भाजीची पिशवी घेऊन मागे उभा असायचो आणि जळायचो. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

कुठल्या गावात गेला की बंद पडलेला हातपंप तो स्वतः उघडायचा. हात काळेकुट्ट, कपाळावर घाम, लगेच फोटो. "तुमचे मित्र बघा किती साधे राहिलेत," आमच्या घरातून ऐकायला मिळायचं. अहो, पंप उघडायला त्याला शिकवलं कुणी? आणि लेव्हल घेण्यात, म्हणजे जमिनीची उंचसखल मोजण्यात, तर तो कच्चाच होता. तिपाईवर यंत्र लावायचो मी, पट्टी धरून उभा राहायचा तो. माझा आकडा बोटभरही चुकत नाही, असं वरचे साहेबही म्हणायचे. पण लेव्हल बरोबर आली म्हणून कुणी कुणाच्या गळ्यात हार घालत नाही.

नरसीकडच्या रस्त्याला एक गाव आहे. घरं खाली, आणि वर माळावर मेंढ्या पाळणाऱ्यांची वस्ती. वस्तीतल्या बाया खालच्या विहिरीवरून हंडे भरून चढण चढायच्या. त्यानं तिथे टाकी मंजूर करून आणली. टेकडीवर बांधायची, म्हणजे पाणी आपोआप वस्तीच्या नळांना जाईल. पाहणी माझ्याकडे होती. मी दोन दिवस उन्हात उभं राहून लेव्हल घेतली आणि टाकीच्या जागेवर खुंटी ठोकली.

भूमिपूजनाला पेंडॉल मात्र खाली, लिंबाच्या सावलीत लागला. वर ऊन होतं आणि गाड्या चढत नव्हत्या. पूजेचा दगडही तिथेच मांडला, माझ्या खुंटीपासून दोन पुरुष उंचीनं खाली; तिथून वस्तीच्या नळांना पाणी चढणार नव्हतं. आमच्याकडे नारळ जिथे फुटतो तीच जागा पक्की. नंतर दगड हलवणं म्हणजे अपशकुन, त्याला गाव तयार होत नाही. हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं, म्हणूनच हातात नारळ घेऊन तो माझ्याकडे वळला.

"जागा हीच ना रे? तू पाहिली म्हंजे झालं."

'वर' एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी त्याच्या गळ्यातले हार पाहिले.

"साहेब, मुहूर्त टळून राहिला," मी म्हणालो. त्याआधी मी त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

त्यानं नारळ फोडला.

माझी फाइल स्वच्छ होती. खुंटी, आकडे, सगळं लिहिलेलं. बांधकाम दुसऱ्या शाखेकडे होतं आणि ठेकेदारानं दगड होता तिथेच खोदलं. त्या रस्त्यानं जाताना टाकी उभी राहताना दिसायची आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. इंजिनिअर म्हणून मिरवतो ना, आता पडू दे चारचौघांत तोंडावर.

उद्घाटनाला मी मुद्दाम पुढे उभा राहिलो. गावातले नळ धो धो वाहिले. वस्तीवरचा नळ उघडला तर नुसता वारा आला, फुस्स करून. त्यानं एकदा माळाकडे पाहिलं, एकदा टाकीकडे, आणि गळ्यातला हार काढला.

"चूक माझी हाय. सोता इंजिनेर असून म्या पाहिलं न्हाई. हितं पंप बसल्याबिगर मी हार घेनार न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुकीला टाळ्या! माझ्या अचूक आकड्यांना आजवर एकही मिळालेली नाही.

पंप यायला पुढचा उन्हाळा उजाडला. तो बसवायच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. तो पाना घेऊन मिस्त्रीबरोबर खाली बसला होता. वस्तीतली एक म्हातारी लंगडत माझ्यापाशी आली. मधल्या काळात हंडा घेऊन चढताना पडली होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"तुमीच ना ते दुर्बीन लावून पाहनारे?"

"व्हय."

"तुमाला त्यातलं कळलं नसंल, बाबा. कळलं असतं तर सांगितलंच असतं की. पान्याची गोष्ट, कोन जानून गप बसंल?"

पाना थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझी लेव्हल चुकत नाही हे जगात एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तो हाताच्या अंतरावर बसलेला होता.

"न्हाई कळलं, मावशी," मी म्हणालो.

त्यानं एक शब्द काढला असता तर माझं तोंड काळं झालं असतं. त्यानं मान खाली घातली आणि नट आवळत राहिला. म्हातारीच्या गुडघ्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.