ते रापाहून आणलेल्या रॅम स्टिक

मृदुला रामटेके ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतल्या ज्या कंपनीत कामाला होती, ती गोठवलेली मासळी आणि भाज्या हॉटेलांना पोचवायची. खाली शीतगृह, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या टोकाला एका कोंदट खोलीत कंपनीचा सर्व्हर. ऑर्डरी, खोक्यांवरची लेबलं, कुठल्या ट्रकमध्ये काय चढवायचं, सगळं त्या सर्व्हरवर चालायचं. आणि सर्व्हर चालायचा मृदुलावर.

हे तिनं मागून घेतलं नव्हतं. नागपूरहून ती शिकायला ऑकलंडला आली, नोकरी लागली, अनुपशी लग्न झालं, सुरुची झाली, सासूबाई कायमच्या राहायला आल्या. या सगळ्यात कधीतरी तिच्या जोडीचा माणूस ऑस्ट्रेलियाला निघून गेला. त्याची जागा भरू, भरू म्हणता म्हणता कुणी भरलीच नाही. दोघांचं काम ती एकटी ओढतेय म्हटल्यावर ते एकट्याचंच काम आहे, असं सगळे धरून चालले. रविवारी विहारात वंदना चालू असतानाही तिच्या पर्समध्ये फोन थरथरायचा, आणि ती मिटलेले डोळे उघडून बाहेर जायची.

त्या डिसेंबरात, तिकडच्या उन्हाळ्यात, सर्व्हर रडायला लागला. ऑर्डरी वाढल्या होत्या, मेमरी पुरत नव्हती. लेबल छापायला द्यावं आणि चहा पिऊन यावं, अशी गत. खाली डिस्पॅच सांभाळणारी सीना, मूळची सामोआची, दिवसातून चार वेळा जिना चढून यायची. ओरडायची मात्र कधी नाही. दारात उभी राहून नुसती म्हणायची, "मृदुला डिअर, तो परत झोपलाय."

मॅनेजर क्रेगनं तोड काढली. हॅमिल्टनच्या 'ते रापा' या भागातली शाखा नुकतीच बंद झाली होती, तिथला सर्व्हर धूळ खात पडला होता. "त्याच्यातल्या रॅमच्या स्टिक काढ आणि आपल्यात टाक. मशीन एकाच कंपनीचं आहे. स्वीट अ‍ॅज, काही अडचण नाही."

मृदुला गाडी काढून हॅमिल्टनला गेली. ते रापाच्या रिकाम्या गोदामात शेवटचा स्टोअरमन किल्ल्या घेऊन थांबला होता. तिनं मेमरीच्या स्टिक काढल्या, त्यांच्या अंगावरची लेबलं वाचली, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. ईस्ट टामाकीतल्या स्टिकच्या लेबलावर शेवटाकडे 'आर' असायचा. इथे 'एल' होता. लांबी तीच, खाच तीच, पिढी तीच, पण प्रकार वेगळा. खाचेत नीट बसतात म्हणून एकत्र नांदतीलच असं नाही. मॅन्युअल बघायला हवं होतं.

परत आल्यावर ती क्रेगला म्हणाली, "मला एक दिवस द्या. या आपल्या जुन्यांबरोबर चालतील का, ते तपासायचंय."

"बसतात ना?"

"बसतील. पण…"

"मग शुक्रवारी दुपारी उरकून टाक. सकाळच्या ट्रक गेल्या की संध्याकाळच्या यायच्या आत."

इथे खरं तर तिनं पाय रोवायला हवे होते. पूर्वीची मृदुला रोवून उभी राहिली असती. पण आदल्या रात्री सुरुचीला ताप होता, त्याच्या आदल्या दिवशी प्रिंटर बंद पडला होता, आणि क्रेगशी एकेका गोष्टीवर वाद घालायचा आता तिला मनापासून कंटाळा आला होता. ती "बरं" म्हणाली.

शुक्रवारी तिनं सर्व्हर बंद केला, झाकण उघडलं आणि रिकाम्या खाचांमध्ये ते रापाच्या स्टिक बसवल्या. टक्, टक्, छान बसल्या. बटण दाबलं. पंखे घोंघावले, आणि हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागला. पडद्यावर एकच ओळ: मेमरीची मांडणी चुकीची आहे. मशीन पुढे सरकेना.

तिला आश्चर्य वाटलं नाही, हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

नव्या स्टिक काढून तिनं पुन्हा सुरू केलं. तरी पिवळा. खाली ट्रक लागायला लागल्या होत्या. तिनं झाकण पुन्हा उघडलं, एकेक जुनी स्टिक दाबून पाहिली. एकीची कडी घाईत उघडी राहिली होती. ती बसवली. मशीन मेमरी मोजत बसलं, किती वेळ कोण जाणे, आणि शेवटी हिरवा दिवा लागला.

तोवर खाली सीनाची माणसं खोक्यांवर मार्कर पेननं हातानं नावं लिहीत होती. शीतगृहाच्या थंडीत पेन चालत नव्हतं. ते काखेत धरून गरम करायचं आणि पुन्हा लिहायचं. कुणालाच चहाची सुट्टी मिळाली नव्हती. विमानतळावर जाणारी मासळीची ट्रक उशिरा निघाली आणि तिचं विमान चुकलं. मृदुला खाली आली. सीना बोटं बगलेत दाबून उभी होती.

घरी सासूबाईंनी, बेबीताईंनी, ताट वाढलं. सुनेचं तोंड बघून त्या समोर बसल्या. "काय झालं वं?"

"काही नाही, आई. कामात चूक झाली."

"समजत नव्हतं म्हणून झाली का?"

मृदुलानं घास तसाच हातात धरला. "समजत होतं," ती म्हणाली. "सांगायचा कंटाळा आला होता."

बेबीताई वरण वाढता वाढता थांबल्या. "मग तू लई थकली आहेस," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारच्या मीटिंगमध्ये क्रेगनं विषय दोन वाक्यांत मिटवला. ते रापाच्या स्टिक खराब निघाल्या, फेकून देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मृदुलाला गप्प बसणं सोपं होतं. त्यात तिचीही सुटका होती. पण समोर सीना बसली होती.

"स्टिक चांगल्या आहेत," मृदुला म्हणाली. "जुन्यांबरोबर एकत्र चालत नाहीत, एवढंच. मला शंका होती. मी तपासायला वेळ मागितला, तो मिळाला नाही, आणि मग मी हट्ट धरला नाही. तो धरायला हवा होता." आवाज चढवायचं बळ तिच्यात नव्हतं, म्हणूनच कदाचित सगळ्यांनी ऐकलं. "आणि हे काम एका माणसाचं नाही. मी दमलेय, क्रेग."

क्रेगनं विचारलं, "तपासायला किती दिवस हवेत?"

तिनं हवे तेवढे घेतले. मॅन्युअल वाचलं. जुन्या स्टिक सगळ्या काढून फक्त ते रापाच्या घातल्या, तर मशीन त्या घेतं, प्रोसेसरलाही चालतात, आणि एकूण मेमरी दुपटीहून जास्त होते. त्याआधी बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर, मात्र अपडेट करावं लागतं, हे तिला कळलं. शनिवारी सकाळी, ट्रक नसताना, तिनं तेवढंच केलं. मग दुपारपर्यंत मेमरीची चाचणी लावून शेजारी सँडविच खात बसली. एकही चूक आली नाही. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त खुर्चीची पाठ बरी वाटली.

सोमवारी लेबलं धडाधड निघाली. सीनाला जिना चढायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसरा माणूस काही मिळाला नाही. मार्चपासून शनिवार-रविवारचे फोन एका बाहेरच्या कंपनीकडे गेले, एवढं झालं. क्रेगनं तेवढंच पदरात टाकलं, आणि मृदुलानं तेवढं घेतलं.

पहिल्याच मोकळ्या रविवारी ती सुरुचीला पोहायला घेऊन गेली. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून मुलगी पाण्यात उतरली आणि मृदुला काठावरच्या बाकावर भिंतीला टेकली. क्लोरीनचा वास, मुलांचा कालवा, काचेतून आलेलं ऊन. थोड्या वेळानं गार, ओला हात तिच्या गुडघ्यावर पडला.

"मम्, यू वर नॉट वॉचिंग."

"बघत होते की गं."

"यू वर अस्लीप."

मृदुलानं डोळे चोळले. "हो," ती म्हणाली, "झोपले होते. जा, परत मार उडी. आता बघते."