चौथा कोपरा उसात

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, वडील कामावरून आले की लिहायला बसत आणि मी छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायची. अन्याय दिसला की आठ दिवसांत छापायचं, खाली स्वतःचं नाव घालायचं आणि बिंदू चौकात उभं राहून वाटायचं. जगायचं कसं, याचं मला मिळालेलं शिक्षण एवढंच.

पुढच्या दशकाच्या शेवटी मी शिरोळ भागातल्या जुन्या देवळांचा अभ्यास सुरू केला. भावाच्या नव्या मोबाईलमध्ये तेव्हा नकाशा आला होता. कोपऱ्यावर उभं राहायचं, बटण दाबायचं, पडद्यावर ठिपका पडायचा. कचेरीत नकाशासाठी अर्ज करून महिनाभर थांबलेल्या मला तो ठिपका म्हणजे सुटका वाटली. थांबणं माझ्याच्यानं होतच नव्हतं.

कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर काळ्या दगडाचं शिवमंदिर आहे. त्याच्याभोवती कधीकाळी चौकोनी दगडी आवार होतं. तीन कोपरे जमिनीवर दिसत होते, चौथा नव्हता. मी तिन्हींवर ठिपके घेतले आणि घरी कागदावर रेषा ओढल्या. चौथा कोपरा शेजारच्या उसात, चांगला वीस पावलं आत पडला. म्हणजे मालकानं भिंत उखडली आणि देवळाची जमीन नांगराखाली घातली! दुसरी शक्यता मनात आलीच नाही. मी देव मानत नव्हते, पण ते दगड ज्यांनी घडवले त्यांच्या बाजूनं बोलणारं दुसरं कोण होतं? पाचव्या दिवशी पत्रक तयार होतं. त्यात शेतकऱ्याचं नाव, मोबाईलवरच्या मोजणीचा दाखला, खाली माझं नाव आणि पत्ता. बाजाराच्या दिवशी मी ते गावात वाटलं.

पुढच्या रविवारी तो शेतकरी आमच्या दारात उभा राहिला. साठीचा जैन गृहस्थ, पांढरी टोपी, हातात माझं पत्रक.

“ह्ये लिवणारी बाई हितंच ऱ्हाती न्हवं?”

“माझी मुलगी. बसा अण्णा,” वडील म्हणाले.

“बसाय न्हाय आलो. तिला न्यायला आलोय. जे लिवलंय ते तिथं उभं ऱ्हाऊन वाच म्हणावं.”

वडिलांनी पत्रक वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. “मोजायला टेप धरलास?”

“मोबाईलवर घेतलंय.”

“म्हणजे नाही धरलास.”

अण्णांबरोबर मी एस्टीनं गावी गेले. देवळापाशी त्यांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. “धर. ताण चांगली.” तिन्ही कोपऱ्यांवरून आम्ही दोरी फिरवली. ती उसाकडे वळलीच नाही. उलट्या बाजूला, नदीकडच्या घाणेरीच्या झुडपात गेली. अण्णांनी तिथं पहार मारली. हातभर खाली दगड वाजला.

“म्हापुराचा गाळ हाय. दर बारीला चढतोय. शेंबडं पोरगंबी सांगंल, कोपरा हितं हाय म्हणून. तू इचारलंस कुणाला?”

मी मोबाईल घेऊन त्या तीनांपैकी पिंपळाखालच्या कोपऱ्यावर गेले आणि पुन्हा बटण दाबलं. देवळाची उंच भिंत आणि झाड यांच्या मध्ये ठिपका नुसता उड्या मारत होता. मागच्या वेळी मी त्यातली पहिली उडी धरून घरी गेले होते.

“मी दुसरं पत्रक काढते. माफीचं, मोठ्या टायपात.”

“काढ की! म्हंजी ज्येनी पयलं वाचलं न्हाय, त्येबी पयलं हुडकत बसतील.” मग ते बांधावर टेकले. “पोरी, गावात बांधाचं भांडण झालं की मला बलवत्यात. तीस वर्सं. मी दगड रोवायचा, दोघंबी मान हलवायची. आता म्हंत्यात, ह्योच बांध सरकवतोय. सोमवारी दोघा भावांचा बांध ठरवायचा हुता, बलावणंच आलं न्हाय. आदी त्येंच्याम्होरं चल.”

ते दोघे भाऊ दूध डेअरीच्या कट्ट्यावर भेटले, एकमेकांकडे पाठ करून. मी उभ्या उभ्या सांगितलं की कोपरा सापडला, अण्णांनी काही गिळलेलं नाही, चूक माझी आहे.

“मागल्या बाजारी तर मोबाईल खरा हुता,” थोरला म्हणाला.

“मोबाईलचं नाही, मी घाई केली.”

“आन् आत्ता करत न्हाईस कशावरनं?” धाकटा हसला. मग अण्णांकडे वळला. “वंगाळ वाटून घिऊ नगा, अण्णा. सरकारी मोजणीचा अर्ज दिलाय आमी. मशीन घिऊन मानूस यील. मशीनला भाऊबंद न्हाय का पावणं न्हाय.”

“व्हय, त्येच बरं,” थोरला म्हणाला. वर्षानुवर्षं कशावरच एकमत न झालेल्या त्या दोघांचं यावर झालं.

“बरं हाय,” एवढंच अण्णा म्हणाले.

माफीचं पत्रक मी तरीही काढलं, त्याच बाजारात वाटलं. एकानं विचारलं, आता ह्यातलं खरं कंचं? मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तोवर तो मिरच्या घ्यायला गेला होता.

त्या दोघा भावांच्या बांधाची मोजणी झाली त्या दिवशी मी देवळाच्या आवारात टेप घेऊन होते. पलीकडच्या त्यांच्या रानात गाव लोटलं होतं. अण्णा आपल्या उसाला पाणी पाजत होते. मोजणीवाल्यांनी दगड रोवला तेव्हा अण्णांनी मान वर करून बघितलं. मी हाक मारली. त्यांनी हात केला, आणि बारं मोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायला आत उसात गेले.