कबूल केलं, मग काऊन उठवता?

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी येतो तो ओला बांबू सोलल्याचा वास. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. त्यातली काही अजून हयात आहेत आणि मला अजून बाजारहाट करावा लागतो.

ठाणं कौलारू, समोर कडुनिंब. सकाळी हजेरी झाली की चार शिपाई जीपला धक्का मारायचे, तीच आमची कवायत. ठाण्यापासून दोनशे पावलांवर नगर परिषदेची बाग होती. बागेत एक विहीर, एक कधीही न उडालेलं कारंजं आणि त्याच्या भोवती चौदा-पंधरा झोपड्या. टोपली-सुपं विणणारी ही माणसं राजुऱ्याकडची. त्यांचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. शेतं असणाऱ्यांना मोबदला मिळाला, यांच्या नावावर वावरच नव्हतं. मग बिऱ्हाडं उचलून इथे आली, कारण बागेत पाणी होतं आणि कुंपण मोडकं होतं.

माझी काही तक्रार नव्हती. सकाळी फेरीला गेलो की बायका बांबू सोलत बसलेल्या असत, आणि माझं पाऊल तिथे जरा रेंगाळे. नगर परिषदेला मात्र ही वस्ती डोळ्यांत खुपत होती. नवे मुख्याधिकारी आले होते. तरुण आणि कडक. बाग मोकळी करायची हे त्यांनी आल्या आल्या मनावर घेतलं होतं. दोन-तीन सदस्य आडवे येत होते, म्हणून ठराव अडून राहिला होता.

महाशिवरात्रीनंतर आठवडाभरात नगर परिषदेची लेखी फिर्याद आली : बागेतल्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीस गेली. गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. नटबोल्ट व्यवस्थित सोडवलेले होते, वायर कापलेली नव्हती. हे मी पंचनाम्यात लिहिलं आणि विसरलो. लिहिलेलं पुन्हा वाचायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बागेसमोर चहाची टपरी होती. तिचा मालक आमचा नेहमीचा खबऱ्या. गावात कोणाच्या घरी काय शिजलं हेसुद्धा त्याला ठाऊक असे. तो म्हणाला, "साहेब, शिवरात्रीच्या दोन दिस आधी पहाटे एक मानूस डोक्यावर टोपलं घेऊन बसस्टँडकडे जाऊन राह्यला होता. वरून फडकं होतं, पन मोटरचं लोखंड दिसत होतं. टोपलं बागेतल्या लोकाइचंच. दुहेरी काठाचं. तसं दुसरं कोनी विनत नाई."

"माणूस कोण?"

"थंडी होती. तोंडाले दुपट्टा बांधला होता."

मला तेवढं पुरे झालं. बागेतून पाच बाप्ये ठाण्यात आणून बसवले. दिवसभर विचारलं, सगळ्यांचं एकच, "आमाले माहीत नाई." संध्याकाळी मी चिडलो आणि पोलिसांच्या तोंडात नेहमी असतं ते वाक्य बोललो, "कोणी एकानं पुढे येऊन सांगा. नाहीतर सगळ्यांना आत घालीन आणि बायकापोरांना गावाबाहेर काढीन."

त्यांचा मुखिया पन्नाशीचा, काटक, फार न बोलणारा. वस्तीत सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणे. तो इतरांकडे पाहून उठला, पुढे आला, वाकून जमिनीवरची माती बोटाने उचलली आणि कपाळाला लावली. मग म्हणाला, "मीनंच नेली साहेब. लिवून घ्या. आता बाकीच्याइले काई म्हनू नका."

तो गयावया करतोय असं मला वाटलं. हात लावावा लागला नाही, याचा मला अभिमानही वाटला. हवालदाराला म्हटलं, बघा, आवाज चढवला की पुरतं. बाकीचे चौघे सोडले, भाऊला अटक केली, दुसऱ्या दिवशी कोर्टातून कोठडी घेतली.

मग मुद्देमालाचा शोध सुरू झाला. मोटर कुठे आहे? "नाल्यात." नाला पाहिला, काही नाही. "मोरीखाली." मोरी उपसली. "त्या पडक्या भिंतीमागं." तिथे हवालदाराच्या हाताला काटे लागले, बाकी काही नाही. माझे हवालदार गडचिरोलीच्या बाजूचे, बोलायला सरळ. ते म्हणाले, "साहेब, याले आपन इच्यारलं, मोटर चंद्रावर ठेवली काय, तं हा हो म्हनन."

मी ऐकलं नाही. कारण तोवर बातमी नगर परिषदेत पोचली होती. मुखियानेच चोरी कबूल केली म्हटल्यावर आडवे येणारे सदस्य गप्प झाले आणि ठराव एका बैठकीत पास झाला. मुख्याधिकाऱ्यांनी बंदोबस्त मागितला, मी दिला. मी स्वतः उभा होतो.

भांडण झालं नाही. दगड पडला नाही. माणसांनी झोपड्यांचे तट्टे सोडले, गुंडाळले, बैलबंडीवर टाकले. भाऊची बायको शेवटी निघाली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि शांतपणे विचारलं, "साहेब, त्यानं कबूल केलं ना? मंग आमाले काऊन उठवता?"

मला वाटलं बाई भोळी आहे. मी म्हटलं, "कबूल केलं म्हणूनच तर." तिने पदर खोचला. मग बंडीमागे चालू लागली.

वस्ती उठली त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या दारात एक म्हातारा उभा. डोक्यावर दुहेरी काठाचं टोपलं, टोपल्यात पाण्याची मोटर. तो बागेचा माळी होता. मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेसाठी रजा घेऊन गेलेला, तिथून लेकीकडे राहून परत आलेला. दरवर्षी उन्हाळ्याआधी तो मोटर चंद्रपूरला दुरुस्तीला टाकायचा, जत्रा करून येताना घेऊन यायचा. मुख्याधिकारी नवे, मुकादम नवा. त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं ती मोटर त्याचीच होती म्हणा ना.

"साहेब, बागेतले लोकं कुठी गेले?" त्याने मला विचारलं. "हे टोपलं त्याइच्या बाईपासून मांगून नेलं होतं, कायले ते बोललो नव्हतो. वापस द्याचं हाये."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी डायरीकडे. माळी रजेवर आहे हे मला पहिल्या दिवशी मुकादमाने सांगितलं होतं. एक माणूस पाठवून त्याला विचारायला एसटीचा एक फेरा लागला असता.

भाऊला कोठडीतून बाहेर आणलं, पाणी दिलं, समोर बसवलं. विचारलं, "नेली नव्हती तर कबूल काऊन केलं?"

तो म्हणाला, "आमच्यात असंच हाय साहेब. काई झालं, नाव कोनाचंच निंगत नसलं, तं एकानं पाचाइच्या समोर उभं राह्याचं, माती कपाळाले लावाची आन् माझ्यावर घ्या म्हनाचं. मंग गोष्ट तिथीच मिटते. मंग कोनी कोनाले इच्यारत नाई. तुमी म्हनले ना, एकानं पुढं या? मीनं माती लावली. तुमी पाह्यली बी."

मी पाहिली होती. पाहून मला काहीच कळलं नव्हतं. मी एकाला पुढे ये म्हणालो, तो सगळ्यांना वाचवायला आला, आणि त्याच्या त्याच कबुलीवर मी सगळ्यांना उठवलं. हे त्याला अजून माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मंग आता मी बागेत जाऊ?" वस्ती उठवल्याचं मी सांगितलं. त्याने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. नोकरीत मला लाज वाटली असे प्रसंग थोडे आहेत. त्यात हा पहिला.

फिर्याद गैरसमजातून दिली गेली असा अहवाल कोर्टात पाठवला, भाऊची सुटका झाली. मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. मान खाली घालून ऐकलं आणि कोंडवाड्याजवळची मोकळी जागा द्यायला तयार झाले, तसं पत्रही दिलं. मग मी, भाऊ आणि ते टोपलं, असे तिघे जीपमधून निघालो. टोपली विकणारा माणूस कुठेही राहो, बाजाराच्या दिवशी बाजारात सापडतो. वरोऱ्याच्या बाजारात नव्हते. आणखी दोन बाजार पाहिले. राजुऱ्याच्या बाजारात दुरून सुपांची रास दिसली. भाऊने जीप थांबायच्या आत उडी मारली.

बायको त्याच्यावर आधी ओरडली, मग रडली. "तुले कोनं सांगितलं होतं शहाना व्हाले?" मग माझ्या हातातलं टोपलं तिला दिसलं. तिने ते घेतलं, उलटं केलं, तळाला लागलेला तेलाचा काळा डाग अंगठ्याने घासून पाहिला.

मी पत्राचं सांगितलं. जागा मिळाली आहे, पाणी जवळ आहे, परत चला. भाऊने बायकोकडे पाहिलं. तिने मला विचारलं, "आन् पुन्हा कोनाची काई वस्तू गवसली नाई तं?"

ते आले नाहीत. पत्र माझ्या खिशातच राहिलं.

पुढे नोकरीभर एक सवय लागली. आरोपीने कबुली दिली की मी लेखणी खाली ठेवायचो आणि विचारायचो, "हे कबूल केल्यावर पुढे काय होईल असं तुला वाटतं?" त्या एका प्रश्नाने चार-पाच निरपराध माणसं सुटली असतील. माळीबुवा ती मोटर चालवत राहिले, कारंज्याभोवती हिरवळ आली. चुली जिथे होत्या तेवढी जागा मात्र दोन पावसाळे काळीच राहिली. सकाळच्या फेरीत माझा पाय तिथे अडे.

त्या बाईच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर मी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत शोधत होतो. माझ्या कायद्याच्या पुस्तकात ते मला सापडलं नाही.