साधा वर्तमानकाळ

आमच्या मास्तरांएवढा शिकलेला आणि तेवढाच निरुपयोगी माणूस अख्ख्या डिचोलीत झाला नाही. त्यांच्या शेवटच्या सकाळी आम्ही केलं ते रोजचंच: हॉटेलात बसून चहात उंडा, आमचा गोल पाव, बुडवला. म्हणजे त्यांनी बुडवला, मी कोरडाच खातो. उंडा तुटून चहात पडला की मास्तर चमच्याने तो शोधत आणि काय कशात का विरघळतं ते मला सांगत. मी चौथीत शाळा सोडलेला. मला एवढंच कळे, की चहा गार झाला.

शाळेत त्यांनी रसायन शिकवलं आणि घरी व्याकरण लिहिलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी वेल्स नावाच्या मुलखात एक पंडित हीच दोन्ही कामं करायचा म्हणे. भट्टीवर काचेची भांडी फोडायची, मग बसून आपल्या भाषेचं व्याकरण लिहायचं. मास्तर त्याच्याबद्दल इतक्या मायेने बोलत, की वर्षभर मी तो त्यांच्या सासरवाडीचा समजत होतो. हरमलच्या किनाऱ्यावर दिसेल त्या गोऱ्याला थांबवून "तुम्ही वेल्सचे का?" विचारायचे. एक रशियन बाई तर चपला टाकून पळाली.

माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी पानाचा चुना सोलकढीत कालवला. गुलाबी कढी हिरवट झाली आणि व्याही पानावरून उठले. "बघ बाबल, आम्ल मेलं!" मास्तर खुशीत. मी म्हटलं, "मास्तरानू, आता लगीन मरतला."

बसचा कंडक्टर, दुकानाची पाटी, त्यांनी कुणाला सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली, तेव्हा स्मशानातसुद्धा भटजींची विभक्ती सुधारली. मी मारणारच होतो त्यांना.

तर त्या सकाळी चहा फार गोड लागला म्हणून मी बोलून गेलो, "आमची बायल साखर कमी घालता."

हॉटेलवाला हसला. "घालता न्हय, दादा. घालायची म्हण."

मास्तरांनी चमचा आपटला. "व्याकरण मी लिहितो की तू? बाबल म्हणाला तेच बरोबर. साधा वर्तमानकाळ."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं मी तिच्याबद्दल असंच बोलत होतो, आणि या माणसाने मला एकदाही टोकलं नव्हतं.

त्या दुपारी मास्तर जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. संध्याकाळी पोचवून आलो. भटजी काय चुकले असतील ते चुकले. सुधारायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी हॉटेलात गेलो. हॉटेलवाल्याने चहा-उंडा ठेवला आणि तो हळूच म्हणाला, "मास्तर चहात बुडवायचे, न्हय?"

"बुडवतत म्हण," मी म्हटलं.

तो आत जाऊन चमचा घेऊन आला. मी उंडा बुडवला.