ओदिलच्या रक्ताचा गुलाबी रंग

आमच्या लिमोज शहरातल्या प्रयोगशाळेत झाडपूस करणाऱ्या ओदिलच्या स्वच्छतेचा सगळ्यांना धाक. साक्षात डॉक्टर लासेर चिखलाचे बूट घालून आले तरी ती म्हणायची, "पाय पुसा, साहेब. हा तुमचा गोठा नाही." तोंडाची फटकळ, पण काम कसं लख्ख.

डॉक्टरांचा जीव एका प्रश्नात अडकला होता. उंदराच्या पेशींना इशारा देणारे रेणू दिले की त्या नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतात. माणसाच्या मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक जात, मात्र ढिम्म. वायू झाला असता तर तपासणीचं पाणी गुलाबी झालं असतं. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने रक्त दिलं. सुई मीच टोचायचे. इंटरल्यूकिन-चार नावाचा रेणू घालूनही पाणी जसंच्या तसं. ओदिलची पाळी आली आणि पाणी गुलाबी झालं.

"हे रक्त नाही, सोनं आहे," डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. पॅरिसच्या परिषदेत हे सांगणार होते ते. ओदिल खाली मान घालून उभी. ही बया गप्प कशी, याचंच मला नवल.

पुढच्या वेळीही ती बाही वर करेना. "हाताच्या पाठीवरनं घे." मागच्या वेळी ऐकलं होतं, आता मी कसली ऐकते? सरकवली बाही. कोपरापर्यंत खाजवून सोललेलं. खरूज. वृद्धाश्रमातल्या आईला रोज कुशीत घेऊन भरवायची, तिथूनच लागलेली.

"कुणाला सांगू नकोस गं. लाजेनं मेले मी. जगाला घाण म्हणत फिरणारी मी."

"आणि तो गुलाबी रंग या खरजेमुळेच आला असेल, डॉक्टर पॅरिसला तोंडघशी पडले म्हणजे?"

ती रडली. मग स्वतःच त्यांच्यापुढे जाऊन तिने बाही वर केली. साहेब मागे सरकले, हात कोटाला पुसला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, तिनेही.

मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ॲलर्जी. खरजेच्या किड्यांमुळे तुमच्या रक्तात ॲलर्जीची प्रतिपिंडं भरलीत. इंटरल्यूकिन-चार पेशीवर त्यांना धरणारी कडी तेवढी तयार करतो. कडीत प्रतिपिंडं अडकली की वायू सुटतो. आमच्या रक्तात तीच कमी होती." मग म्हणाले, "औषध लावलंत?"

"आज लावणार होते."

"आठवडाभर थांबाल? अजून रक्त लागेल."

आता ही त्यांची खरडपट्टी काढणार, असं मला वाटलं. तिने बाही खाली ओढली.

"थांबते, साहेब," ती म्हणाली. "जेवायला मी वेगळी बसेन."

आणि 'कशाला गं' असं आमच्यातलं कुणी, अगदी मीसुद्धा, म्हटलं नाही.